बार तुझ्याकडेच आहे ना?

प्रिय गड्या,

आपल्या गिटारच्या सरांच्या दहाव्याला भेटलो, त्यानंतर आजच लिहितोय. फोन करतो म्हणालो होतो, केला नाही. तू रागावला असशील तर बरोबरच आहे. बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठीक.

परवा चहा गाळत होतो आणि बाहेरच्या खोलीत आपलं गिटार वाजलं. शपथेवर सांगतो, हवाईयन! लांबवर ओढलेला, टोकाला थरथरणारा सूर. गाळणी हातात घेऊन तसाच बाहेर आलो, तर धाकटा टीव्हीपुढे आणि समोर स्पंजबॉब. शेजारी बसून पुढचे दोन भाग पाहिले. जिथे तिथे स्टील गिटार, म्हणजे आपलं हवाईयनच! १९९९ पासून पोरं हे ऐकतायत आणि मी त्याला कार्टूनचा कलकलाट समजत होतो. ते काढणारा स्टीफन हिलनबर्ग आधी मुलांना समुद्रातलं जीवशास्त्र शिकवायचा. पाण्याखालच्या त्या गावाला त्याने हवाईचा सूर दिला.

आणि हे ऐक. बग्ज बनीच्या आधी वॉर्नर कंपनीच्या चिन्हाची ढाल अंगावर धावून यायची, तेव्हाचा तो 'ट्वॉंऽऽय' आठवतो? तू मधल्या सुट्टीत तोंडाने काढायचास आणि बाई मला उभं करायच्या. तोही स्टीलच! वाजवणारा फ्रेडी टावारेस, माउई बेटावरचा. पुढे गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरबरोबर १९५४ चं स्ट्रॅटोकास्टर घडवण्यात त्याचाच हात होता. ज्या गिटारसाठी आपण दुकानाच्या काचेला नाक लावून उभे राहायचो, ते!

पण लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी. टीव्हीवरची नजर न काढता धाकट्याने तो सूर गळ्यातून काढला. सा वरून थेट पंचमापर्यंत, मध्ये कुठेही न तुटता. माझ्या अंगावर काटा आला. हाच पोरगा कीबोर्डच्या क्लासला जातो आणि त्याच्या वहीत शेरा आहे, 'गाताना सूर ओढतो, सवय मोडावी.' सवय मोडावी! सरांनी आपल्याकडून दोन वर्षं घासून घेतलं ते हेच ना रे? कीबोर्डवर एक पट्टी सोडली की दुसरी. मधल्या जागेत तो पोरगा राहतोय आणि आपणच त्याला तिथून हाकलतोय. रात्री झोप लागत नाही मला.

तू तेव्हाच म्हणाला होतास. ऑर्केस्ट्रात हवाईयन बंद झालं, मी कीबोर्ड घेतला, त्या दिवशी सरांच्या गॅलरीत. "मधले सूर कुठे आहेत तुझ्या डब्यात?" मी म्हणालो, "चाक आहे सूर वाकवायला." सर काही बोलले नाहीत, फडक्याने तारा पुसत राहिले. ते पुसणं अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तुझंच खरं होतं.

काल माळ्यावरून गिटार काढलं. तारा गंजल्यात. तारांवरून सरकवायचा बार नाही म्हणून खलबत्त्यातला पितळी बत्ता दिला धाकट्याच्या हातात, गिटार मांडीवर आडवं ठेवलं. आधी त्याने दाबला, तार करकरली. "दाबू नकोस, नुसता टेकव. पडद्याच्या बरोबर डोक्यावर, मागे नको," मी म्हणालो, आणि ऐकू आलं ते सरांच्याच चालीत. तिसऱ्या खेपेला सूर लागला. मग त्याने आपणहून बत्ता किंचित हलवला, सूर थरथरला, आणि तो असा हसला म्हणून सांगू!

तुझ्या घराचं रंगकाम संपलं का? लेकीच्या ॲडमिशनचं कळव. वहिनींना नमस्कार.

सरांचा बार तुझ्याकडेच आहे ना? भांडणात तूच नेलास, आणि योग्य हातात गेला. आता थोडे दिवस इकडे पाठव, बोटांत घालायच्या नख्यांसकट. तू स्वतः घेऊन आलास तर फारच बरं. आणि सर तारा कशा लावायचे, ते मला नीट आठवत नाही. सगळ्यात जाड तार सा होती की प? तेवढं कागदावर लिहून दे.

तुझा,
मी