आबांच्या डब्यातली काडतुसं

माणगाव,
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

दिवाळीत तू फोन केला नाहीस, मग मीही केला नाही. हिशोब चुकता. साखर जरा वर आहे, बाकी ठणठणीत. हे फोनवर बोलायचं नव्हतं, घरात सगळे कान देऊन असतात.

आबांचा हिरवा डबा उघडला. तोच, पलंगाखालच्या ट्रंकेतला. काका गेल्यावर घर माझ्याकडे आलं, त्याबरोबर डबाही. कुलूप तू सायकलच्या तारेने सहज उघडलं असतंस, हे तुझं पालुपद पुन्हा नको. तेव्हा नाही उघडलंस हे खरं.

आत सहा जिवंत काडतुसं, मळक्या फडक्यात. पोस्टाच्या तिकिटांचं भिंग घेऊन बसलो. एक वेगळंच निघालं: बुडाला बाहेर आलेली कडा नाही, नुसती खाच. केस गंजलेली, फ्रिजवरचा लोहचुंबक चट्कन चिकटला, म्हणजे पोलादी. बुडावर St, म्हणजे जर्मन भाषेत पोलाद, आणि साल 43. जर्मन! आबा मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनचे, व्हिक्टोरिया क्रॉसवाल्या यशवंत घाडगेंच्या. 10 जुलै 1944, टायबरचं खोरं, सगळं आपल्याला पाठ. "इटलीतनं आणलंय" असं ते म्हणायचे आणि आपण मागे हसायचो. ते एक तरी खरं निघालं म्हणायचं.

आता बाकीची पाच ऐक. थ्री-नॉट-थ्री रायफलची, पितळी, कडेवाली. बुडावर K आणि F, म्हणजे आपली खडकीची फॅक्टरी. साल 56.

अरे, आबा सेहेचाळीसला पेन्शनीत आले! छप्पन सालची काडतुसं त्यांच्याकडे आली कुठून? भिंग पुसून परत पाहिलं, 46 असेल म्हणून. नाही. शिवाय शेजारी गोळीच्या नमुन्याचा 7 साध्या आकड्यात आहे, युद्धातल्या जुन्या मालावर रोमन VII असायचा.

तेव्हा आळीत थ्री-नॉट-थ्री हातात असलेला माणूस एकच. मी नाव लिहीत नाही, तू त्यांच्याच ताटात जेवलायस. चांदमारीला गोळ्या मोजून देतात, पुंगळ्या मोजून परत घेतात, हे आपल्याला त्यांनीच सांगितलं होतं, आणि एक पुंगळी कमी पडली म्हणून साहेबाने अख्ख्या तुकडीला गवत उपसायला लावलं तेही. मग पाच जिवंत सुटली कशी? रानडुकरांच्या पायी? आबांनी कधी बंदूक उचललेली मी पाहिली नाही. की नोकरी जाऊ नये म्हणून कुणाच्या तरी घरातून आपल्या ट्रंकेत आणून ठेवली? आबांचा स्वभाव तू जाणतोस. विचारलं असतं तर "तुला काय करायचंय" म्हणाले असते.

वकिलांना विचारलं. हा बोअर, म्हणजे नळीचं माप, निषिद्ध, आपल्यासारख्याला परवानाही मिळत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात नुसतं घरात असणंही गुन्हा, तेव्हा ठाण्यात कळव आणि त्यांनाच येऊन नेऊ दे. हात लावू नकोस, घासूपुसू नकोस, आणि एस.टी.त मांडीवर घेऊन तर मुळीच जाऊ नकोस. (हे शेवटचं त्यांनी माझा चेहरा पाहून सांगितलं असावं.) भाचा म्हणतो, सावित्रीत टाकून दे. गाढव आहे. उद्या एखादं पोर मासे पकडताना उचलायचं.

उद्या सकाळी कळवतोय. आजोबांच्या ट्रंकेत सापडली, एवढंच सांगणार. ते शंभर टक्के खरं आहे. छप्पन सालाचं कोडं मी घातलं नाही, त्यांनी विचारलं तर "ठाऊक नाही" म्हणेन, आणि तेही खरंच आहे, माझा नुसता संशय आहे.

पण तात्यांना तू विचार. जेवण झाल्यावर, विडा लावताना, सहज. ओरडले तर समज की माझं बरोबर आहे. हसले तर मला लगेच कळव, कारण मग गोष्ट आणखी मोठी असणार आणि ती मला ऐकायचीय.

सुमीचं जमलं म्हणे, अभिनंदन, तारीख कळव. गुडघ्याचं ऑपरेशन लांबवू नकोस. वहिनींना नमस्कार. आणि हे पत्र वाचून झालं की फाड, नेहमीसारखं फाईलला लावू नकोस.

तुझा,
दादू