त्या रात्रींतल्या सोबतीबद्दल आभार

बाबांच्या आजारपणात रात्र रात्र माझ्याशेजारी बाकावर बसून राहिलेल्या ताईंचे, आणि नाव न सांगता औषधांचे पैसे भरून गेलेल्या त्या गृहस्थांचे मनापासून आभार. तेव्हा माझ्या तोंडून प्रार्थनाच निघत नव्हती. ताईंनी उपदेश केला नाही. हळू आवाजात बायबलमधलं 13वे स्तोत्र वाचलं, एवढंच. त्यात स्तोत्रकर्ता दावीद राजा देवाला 4 वेळा विचारतो, अजून किती काळ? आणि दुःख सरलेलं नसतानाच त्याच्या दयेवर भरवसा ठेवतो. तक्रार आणि विश्वास एकाच प्रार्थनेत मावतात, हे मला तिथे कळलं. देवाची प्रीती ढळली नव्हती, तुमच्या हातांनी ती आमच्यापर्यंत पोहोचत होती. बाबा अजून अंथरुणावरच आहेत. तुम्हा दोघांसाठी ते रोज प्रार्थना करतात.