घरी पोहोचण्याची घाई आणि आपले शिकाऊ वैमानिक

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शिरपूर आणि जळगाव येथे विमान चालवण्याचे प्रशिक्षण मिळू लागल्यापासून वैमानिक होऊ पाहणारी मुले-मुली आता खान्देशातल्या घरांतही दिसू लागली आहेत. त्यांच्या आई-वडिलांसाठी हे पत्र लिहीत आहे.

माझी मुलगी अमेरिकेत इंडियाना राज्यात नोकरी करते आणि हौस म्हणून छोटे विमान चालवते. विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे दर वर्षी जुलैच्या अखेरीस विमानप्रेमींचा मोठा मेळावा भरतो. 1953 साली मिलवॉकीत लहान प्रमाणावर सुरू झालेला हा मेळावा 1970 पासून ऑशकॉशला भरत आला आहे आणि त्या आठवड्यात तेथे व आसपासच्या धावपट्ट्यांवर मिळून सुमारे 10,000 विमाने उतरतात. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेवाले जसे घोड्याशेजारीच मुक्काम ठोकतात, तसे तेथे वैमानिक विमानाच्या पंखाखाली तंबू लावून राहतात. गेल्या वर्षी मुलीबरोबर मीही तसा राहिलो.

परतीच्या दिवशी रविवार होता आणि सोमवारी सकाळी तिला कामावर हजर व्हायचे होते. आमचे चार आसनी सेसना 172 आदल्या दोन रात्री पावसात उघड्यावर उभे होते. निघण्यापूर्वी तिने टाकीच्या तळाशी असलेल्या झडपेतून पारदर्शक नळीत थोडे इंधन काढले, तेव्हा निळसर पेट्रोलखाली हरभऱ्याएवढा पाण्याचा थेंब बसलेला मी डोळ्यांनी पाहिला. मागे तंबू आवरून निघालेल्यांची रांग लागली होती, तरी नळीत निव्वळ पेट्रोल येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा नमुना काढत राहिली.

शिकागोच्या गजबजलेल्या हवाई हद्दीला पश्चिमेकडून वळसा घालून आम्ही इलिनॉयवर आलो. खाली मका आणि सोयाबीन, अगदी आपल्या तापीकाठासारखे. घर तासाभरावर राहिले असताना समोर वावधन उठावे तसे काळे ढग दिसू लागले. टाकीत दोन तासांहून अधिक इंधन होते, म्हणून मी तिला म्हणालो, "ढगांच्या खालून नाही का काढता येणार?" उत्तर न देता तिने विमान वळवले आणि मागे राहिलेल्या एका छोट्या गावाच्या धावपट्टीवर उतरवले.

इलिनॉय विद्यापीठात 1954 साली झालेल्या एका प्रयोगाविषयी तिने मला उतरल्यावर सांगितले. केवळ उपकरणांवर विमान चालवण्याचे शिक्षण न घेतलेल्या 20 जणांना, बाहेरचे काहीच दिसत नाही अशा स्थितीत उडवून पाहिले, तेव्हा विसांपैकी एकालाही ताबा राखता आला नाही आणि ताबा सुटेपर्यंत सरासरी 178 सेकंद गेले. क्षितिज दिसेनासे झाले की कानातला तोल माणसाला फसवतो. विमान कलले असले तरी ते सरळच आहे असे वाटत राहते. मी किती सहज बोलून गेलो, हे मला तेव्हा उमगले. मुलीऐवजी एखादा नवशिका असता, तर वडिलांच्या त्या एका वाक्याने तो कदाचित पुढे गेला असता.

त्या धावपट्टीवर रात्री कोणीही नव्हते. तरीही जमिनीत विमान बांधायच्या कड्या होत्या, दोर होते, एक उघडी खोली आणि तीत दोन कोच होते. रात्रभर वादळ झाले, सकाळी आकाश धुतल्यासारखे निघाले. ती कामावर दोन तास उशिरा पोहोचली, एवढेच.

पावसाळ्यात सातपुड्याच्या रांगेवर ढग किती झपाट्याने उतरतात, हे येथे कोणाला सांगायला नको. म्हणून जळगाव, शिरपूर आणि धुळ्याजवळची गोंदूर या धावपट्ट्यांवर, मार्ग सोडून उतरावे लागलेल्या छोट्या विमानासाठी दोर, कड्या आणि रात्र काढण्यापुरती खोली असावी, अशी माझी संबंधितांना विनंती आहे. याचा खर्च फारसा नाही. उतरायचे कुठे आणि राहायचे कुठे, हे आधीच ठाऊक असले तर वैमानिकाला मागे फिरणे जड जात नाही.

आई-वडिलांना मात्र आजच एक करता येईल. जेवण केव्हा वाढायचे, गाडी घेऊन केव्हा यायचे, असे विचारणारे आपले फोन मुलांच्या मनात घड्याळ लावून ठेवतात. त्या रविवारपासून मी मुलीला "किती वाजता पोहोचशील?" असे विचारत नाही, "जिथे उतरशील तिथून कळव" एवढेच सांगतो.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
अमळनेर, जि. जळगाव