विज्ञानमंत्री साहेब, धूमकेतूंच्या जेट्सवर सलग नजर ठेवायला पैसे द्या

मा. विज्ञानमंत्री महोदय, नमस्कार.

मोठ्या दुर्बिणीवर धूमकेतूसाठी मिळून मिळून एखाद-दुसरी रात्र मिळते, आणि त्यातून जे हाती लागतं ते अपुरंच असतं, म्हणून हे पत्र लिहितोय.

धूमकेतूच्या केंद्रकातला, म्हणजे मधल्या घट्ट गोळ्यातला, बर्फ उन्हाने तापला की वितळत नाही, थेट वायू होतो आणि धूळ सोबत घेऊन जोरात बाहेर पडतो, हेच ते जेट. पण हा बर्फ नुसता पाण्याचा नसतो, गोठलेल्या वायूंचाही असतो, आणि सगळे बर्फ एकदम उडत नाहीत. सूर्यापासून खूप लांब असताना कार्बन मोनॉक्साइड, मग कार्बन डायऑक्साइड, आणि पाण्याचा नंबर बराच जवळ आल्यावर. म्हणजे एका रात्रीत जे दिसलं ते त्या रात्रीपुरतंच खरं. 2010 मध्ये हार्टली 2 धूमकेतूजवळून यान गेलं तेव्हा तर एकाच केंद्रकाच्या टोकाकडून कार्बन डायऑक्साइडचे जेट बर्फाचे तुकडे उडवत होते आणि मधल्या भागातून पाण्याची वाफ निघत होती!

आणि हे बदलतं किती पटकन ते बघा. 29 जुलै 2015 ला 67पी धूमकेतूजवळ रोझेटा यान होतं, साधारण 18 मिनिटांच्या अंतराने फोटो काढत होतं. एका फोटोत काहीच नाही, पुढच्यात झगझगीत जेट, त्याच्या पुढच्यात जवळपास गायब. यानावरच्या उपकरणाने वायू मोजले तर दोन दिवसांपूर्वीच्या तुलनेत कार्बन डायऑक्साइड दुप्पट, मिथेन चौपट, हायड्रोजन सल्फाइड सातपट, आणि पाणी मात्र जवळपास तेवढंच. यान तिथे नसतं तर हे कुणाला कळलंही नसतं.

हे जेट केंद्रकाला ढकलतात पण, रॉकेटसारखे. एन्के धूमकेतू हिशोबापेक्षा लवकर यायचा त्याचं कारण 1950 मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपलने हेच सांगितलं होतं. 2017 मध्ये 41पी धूमकेतूची स्वतःभोवतीची एक फेरी मार्चमध्ये 20 तासांची होती ती मे पर्यंत 46 तासांच्या वर गेली, दोन महिन्यांत! जेट कुठून, किती जोरात सुटतात हे माहीत नसेल तर एखादा धूमकेतू पुढे नक्की कुठून जाणार हे तरी खात्रीने कसं सांगणार?

म्हणून मागणी दोनच. एक, वेगवेगळ्या रेखांशांवरच्या लहान दुर्बिणी जोडून घ्या, म्हणजे एकीकडे उजाडलं की दुसरीकडे बघणं चालू राहील, आणि हा पैसा एका धूमकेतूपुरता न देता दरवर्षीचा असू द्या. दुसरं, कार्बन डायऑक्साइड जमिनीवरून थेट मोजताच येत नाही कारण आपल्याच हवेतला तो वायू आड येतो, त्यासाठी अवकाशात एक छोटी इन्फ्रारेड दुर्बीण लागेल जी फक्त धूमकेतूंचं काम करेल. मोठ्या अवकाश दुर्बिणींना इतर शंभर कामं असतात, त्यांच्याकडून महिनोन्‌महिने एकाच धूमकेतूकडे बघण्याची अपेक्षा करणं बरोबर नाही.

येत्या बजेटमध्ये निदान पहिल्या मागणीची तरतूद करा, दुर्बिणी बऱ्याचशा आहेतच, जोडणारं कुणी नाही.

आपला,
एक आकाशनिरीक्षक