पावसाआधी ट्रकचा पुढचा एक्सल दुरुस्त करायचा आहे: ग्रामस्थ मंडळाचं आवाहन

सर्व ग्रामस्थ, मुंबई-पुण्याचे चाकरमानी आणि माहेरवाशिणींना सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाचा फोर-बाय-फोर ट्रक सध्या देवळामागच्या शेडमध्ये ठोकळ्यांवर उभा आहे. पुढची दोन्ही चाकं काढून ठेवली आहेत. मृग लागायच्या आत तो रस्त्यावर यायला हवा. त्यासाठी पैसा हवा, सामान हवं आणि कामाला माणसंही हवीत.

महाड तालुक्यातल्या माणसाला ही गाडी कशासाठी, हे सांगायची गरज नाही. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथं दरडी आल्या. २२ जुलै २०२१ ला तळियेवर डोंगर कोसळला तेव्हा महाड शहर सावित्रीच्या पुरात होतं, रस्त्यांवर दरडी होत्या आणि मदत वेळेत पोचली नाही. वरच्या वाड्यांतून आजारी माणूस किंवा अडलेली बाई खाली आणायची तर पावसाळ्यात दुसरं साधन नाही.

आता बिघाडाचं. पुढच्या डिफरन्शियलचा (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरच्या पेटीचा) ड्रेन प्लग उघडला तर ऑइल दुधी चहासारखं निघालं. म्हणजे आत पाणी शिरलंय. घाट चढून तापलेला एक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात बुडाला की हाऊसिंगमधली, म्हणजे त्याच्या कवचातली, हवा आकसते. ब्रीदर (हवा आत-बाहेर जायचं भोक) चिखलानं चोंदलेला असेल तर ती ओढ सीलवर येते आणि सीलच्या कडेनं पाणी आत घेतलं जातं. पाणी मिसळलेलं ऑइल गिअरच्या दातांवर आणि बेअरिंगवर टिकत नाही, लोखंडावर लोखंड घासतं. उजव्या हबचं (चाकाच्या मधल्या तुंब्याचं) बेअरिंग पुसून उजेडात धरलं तर रोलरवर नख अडकेल असे खड्डे होते. चाकं काढण्याआधी गाडी जॅकवर घेऊन प्रत्येक चाक वर-खाली धरून हलवलं होतं. दोन्हीकडे खडखड लागली. नुसत्या हबच्या बेअरिंगची खडखड ब्रेक दाबून धरला की थांबते. इथं ती थांबेना, म्हणजे किंगपिनचीही (चाक ज्यावर वळतं त्या खिळीची) बेअरिंगं गेली आहेत.

मागच्या एक्सलला ओझं उचलून गाडी ढकलायची असते. पुढच्याला तेच करून शिवाय वळायचंही असतं. म्हणून त्याच्या प्रत्येक चाकापाशी एक सांधा असतो, किंगपिन असतात, जास्तीची सीलं असतात, आणि झीज तिथंच होते. स्टिअरिंग पूर्ण कापून चिखलात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सगळा जोर त्या वाकलेल्या सांध्यावर येतो. कोरड्या डांबरावर फोर-बाय-फोर लावून वळणं घेतली तरी तोच त्रास. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात आणि आपल्या गाडीत हा फरक भरून काढणारं मधलं डिफरन्शियल नाही. चिखलात चाक घसरून ताण निघून जातो, डांबरावर तो साठत राहतो. गाडी चालवणाऱ्या पोरांना हे नीट शिकवायचं आहे, त्याचा एक वर्ग मे महिन्यात घेऊ.

आपल्या लोकांनी मागे मनापासून दिलं. टपावरचे दिवे आले, विंच आली, रंग झाला. मंडळ ते विसरणार नाही. या वेळी मात्र आम्ही मागतोय ते गाडीखाली झोपल्याशिवाय कुणाला दिसणार नाही, आणि त्यावर देणगीदाराचं नावही घालता येणार नाही. तरी हेच सगळ्यात आधी हवं आहे. दिवे नसले तर बॅटरी धरून माणूस पुढे चालेल. एक्सल ओढ्याच्या मधोमध तुटला तर पेशंटसकट गाडी तिथंच अडकेल.

लागणारं सामान असं: दोन्ही बाजूंची किंगपिन आणि हब बेअरिंगं, सगळी ऑइल सीलं, हायपॉइड (डिफरन्शियलमधल्या) गिअरला चालणारं, जास्त दाब सोसणारं ईपी ९० ऑइल, बेअरिंगचं चांगलं ग्रीस, आणि ब्रीदरचं तोंड बॉनेटच्या उंचीपर्यंत वर न्यायला रबरी नळी. सील स्वस्तातलं देऊ नका, ही कळकळीची विनंती. शंभर-दोनशे रुपये वाचतील, पण त्यामागचं बेअरिंग आणि त्यावर घेतलेली मेहनत वाया जाईल. लेथ असलेल्यांनी एक दिवस दिला तर मोठं काम होईल.

एवढ्यावर भागत नाही. दुरुस्ती एकदा करून सोडली तर दोन पावसाळ्यांत आपण पुन्हा इथंच येऊ. म्हणून मंडळाने कायमचा देखभाल निधी ठरवला आहे. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ऑइल बदलायचं. खोल पाण्यातून गाडी आली की लेव्हल प्लग उघडून ऑइल बघायचं, दुधी दिसलं तर तेव्हाच बदलायचं. ग्रीसगन महिन्याला फिरवायची. या खर्चासाठी दर घरामागे वर्षाला ५०० रुपये ठेवले आहेत. ज्यांना झेपत नाही त्यांनी शेडमध्ये एक दिवस काम करावं, तेही तेवढंच मोलाचं. चाकरमान्यांनी आपल्या इच्छेप्रमाणे जास्त द्यावं.

रक्कम मंडळाच्या खजिनदारांकडे किंवा मुंबई मंडळाच्या सभेत द्यावी आणि पावती घ्यावी. सामानाची बिलं आणि हिशेब देवळातल्या फलकावर लागतील, झिजलेले जुने भागही शेडमध्ये बघायला ठेवले आहेत. मे महिन्यातल्या प्रत्येक रविवारी सकाळी आठपासून काम चालेल. येणाऱ्यांच्या जेवणाची सोय मंडळाकडे आहे, कामाचे पाने (स्पॅनर) मात्र ज्याने त्याने आपापले आणावेत.

आपले,
ग्रामस्थ मंडळ व मदत पथक