१५ जानेवारीचा दिनविशेष

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या घटना केवळ तारीख एक म्हणून एका रांगेत उभ्या करण्यात काय हशील, असा तुझा सवाल आहे आणि ‘दिनविशेष’ हे सदर कायमचे बंद करावे, असा तुझा निकाल आहे. सवाल मला मान्य आहे, निकाल नाही. कारण सांगण्यासाठी १५ जानेवारी ही एकच तारीख घेतो.

१५ जानेवारी १५५९ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये राणी पहिली एलिझाबेथ हिचा राज्याभिषेक झाला. जॉन डी या गणितज्ञ आणि ज्योतिषी असलेल्या गृहस्थाने ग्रहमान पाहून हा मुहूर्त काढून दिला होता. मात्र इंग्लंडात तेव्हा ज्युलियन कालगणना चालू होती, म्हणून आजच्या ग्रेगोरियन हिशेबाने तो दिवस २५ जानेवारी ठरतो. शिवाय तिथले अधिकृत वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने त्या काळच्या कागदपत्रांत सालही १५५८ असेच पडते. म्हणजे सदराविरुद्ध तुझ्या आक्षेपाहून भक्कम आक्षेप मीच तुझ्या हाती देतो आहे: तारीख एक असली तरी दिवस एक असेलच असे नाही. तारखेचा हा घोळ इंग्लंडने सप्टेंबर १७५२ मध्ये ग्रेगोरियन कालगणना स्वीकारून मिटवला. त्या महिन्यात २ तारखेच्या दुसऱ्या दिवशी थेट १४ तारीख उजाडली.

त्यामुळे १५ जानेवारी १७५९ हा दिवस मात्र निःशंकपणे आपल्या कॅलेंडरातला आहे. त्या दिवशी लंडनमधील माँटेग्यू हाउसमध्ये ब्रिटिश म्युझियम लोकांसाठी खुले झाले. हॅन्स स्लोन या वैद्याने जमवलेल्या ७१,००० हून अधिक वस्तू वारसांना २०,००० पौंड देऊन राष्ट्राने घ्याव्यात, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते आणि त्यासाठी पार्लमेंटने चक्क लॉटरी काढून पैसा उभा केला. प्रवेश फुकट होता, पण आधी लेखी अर्ज करून तिकीट मिळवावे लागे. ‘लोकांसाठी’ या शब्दाचा अर्थ तेव्हा एवढाच. स्लोनच्या संपत्तीचा एक वाटा पत्नीकडून आलेल्या, जमैकातील गुलामांच्या घामावर चाललेल्या उसाच्या मळ्यांतला होता, हेही ध्यानात ठेव, कारण पुढची घटना उसाच्याच एका उपउत्पादनाची आहे.

१५ जानेवारी १९१९, बॉस्टन. बंदराजवळच्या नॉर्थ एंड या दाट वस्तीत सुमारे ५० फूट उंच आणि ९० फूट व्यासाची लोखंडी टाकी उभी होती आणि तिच्यात सुमारे ८७ लाख लिटर मळी भरलेली होती. या मळीपासून औद्योगिक अल्कोहोल काढीत आणि महायुद्धाच्या काळात ते दारूगोळ्याच्या कारखान्यांना लागे. घाईघाईने बांधलेल्या या टाकीचे पत्रे हवे त्याहून पातळ होते, आणि पाणी काठोकाठ भरून चाचणी घ्यायची ती तळाशी जेमतेम ६ इंच पाणी सोडून उरकली होती. टाकी पहिल्यापासून झिरपत होती. वस्तीतली मुले डबे घेऊन येत आणि ओघळणारी मळी भरून नेत. कंपनीने यावर शोधलेला इलाज असा की, ओघळ दिसू नयेत म्हणून टाकीला तपकिरी रंग फासला. ही एक गोष्ट वाचली की पुढचे सारे कळते.

दुपारी साडेबाराच्या सुमारास टाकी फुटली. जवळजवळ २५ फूट उंचीची लाट ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेगाने रस्त्यांत घुसली. तिने उन्नत रेल्वेचे खांब वाकवले आणि अग्निशमन केंद्राची इमारत पायावरून सरकवली. मळी संथ असते हा समज खोटा नाही, पण तो भांड्यातल्या मळीपुरता. एवढ्या उंचीवरून सुटलेला घट्ट द्रव पाण्यापेक्षा जड धक्का देतो आणि थंडीत गार होऊ लागला की अडकलेल्यांना सोडत नाही. २१ माणसे मेली, सुमारे १५० जखमी झाली. अराजकवाद्यांनी बॉम्ब ठेवला, असा बचाव कंपनीने केला. तो अनेक वर्षे चाललेल्या सुनावणीत टिकला नाही आणि १९२५ मध्ये तिच्यावर भरपाई देण्याची पाळी आली. गंमत म्हणजे अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी नेब्रास्का राज्याच्या मंजुरीने अमेरिकेतील दारूबंदीची घटनादुरुस्ती पक्की झाली.

बाकीचे थोडक्यात. १८९२ साली याच तारखेला बास्केटबॉलचे पहिले १३ नियम छापले गेले. १९४९ मध्ये जनरल करिअप्पांनी भारतीय लष्कराची सूत्रे ब्रिटिश सेनापतीकडून स्वीकारली, म्हणून आपण हा दिवस लष्कर दिन म्हणून पाळतो. २००१ मध्ये विकिपीडिया सुरू झाला. २००९ मध्ये न्यूयॉर्कहून उडालेल्या विमानाची दोन्ही इंजिने हंसांच्या थव्याला धडकून बंद पडली आणि कप्तान सलनबर्गर यांनी ते हडसन नदीवर उतरवले; आतले १५५ जण वाचले.

या सगळ्यांना बांधणारा धागा मी शोधणार नाही, आणि साखरेचा म्हणशील तर तो दोन घटनांपलीकडे पोहोचत नाही. पण टाकीला फासलेला तो तपकिरी रंग कोणत्याही राजवंशाच्या किंवा महायुद्धाच्या इतिहासात मला भेटला नसता. तिथे प्रत्येक घटनेला आधी महत्त्व सिद्ध करूनच आत यावे लागते. तारखेच्या दारावर असा पहारा नसतो, म्हणून राणी आणि मळी एकाच पानावर येतात. सदर चालू राहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

पुढच्या खेपेची तारीख तू सुचव. २९ फेब्रुवारी तेवढी नको, तिच्या वाट्याला वर्षेच मुळात चौथाई आली आहेत.

तुझा,
स्नेहांकित मित्र