शेवटच्या सरीला पाणी

मँचेस्टर, १२ फेब्रुवारी

ती. दादा आणि सौ. वहिनी,
सा. न.

परवा फोनवर मला रडू आवरेना, तुला काही नीट सांगता आलं नाही. अर्धांगाचा झटका आला त्या पहिल्या दिवशी हे भिंत धरून का होईना, चालत बाथरूमला गेले होते, मग दुसऱ्या दिवशी डावा हातपाय पार लुळा कसा पडला, हेच तू विचारत होतास. दवाखान्यात काहीतरी चुकलं असणार, म्हणालास. मीही रात्रभर तेच धरून बसले होते. पण दादा, तसं नाही.

ह्यांच्या मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी बंद झाली आहे. एमआरआयवरचा डाग जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढलं आणि मला आपल्या उसाचा पाट दिसला. चारीतून पाट फुटतो तिथे तोंडाशीच गाळ बसलेला. आधी थोडं पाणी झिरपत होतं, म्हणून हात जड असला तरी उचलत होता. मग रक्ताची गुठळी वाढली, झिरपणंही थांबलं आणि शेवटच्या सऱ्या वाळल्या. अशा झटक्यात पहिल्या दोन-तीन दिवसांत, औषध चालू असतानाही, बरेच जण असे घसरतात. पुन्हा सीटी स्कॅन केला, रक्तस्राव नव्हता. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे झोपेतून उठले तेव्हाच हात जड होता, वेळ कुठून धरणार? आता गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, दोन्ही २१ दिवस, पुढे एकच.

वहिनी, बीपी १८० असून उतरवत का नाहीत, असं तुम्ही विचारलंत. सध्या त्या दाबानंच अरुंद तोंडातून रक्त पुढे सरकतंय. एकदम उतरवला तर आणखी भाग जाईल. पण हे पहिल्या काही दिवसांपुरतंच हं. दादाची रोजची गोळी एक दिवसही चुकू देऊ नका, वर्षानुवर्षांच्या बीपीनंच या वाहिन्या खराब होतात.

आणि दादा, दिवाळीत तुझी जीभ दहा मिनिटं जड झाली होती. पित्त म्हणून तू सोडा पिऊन झोपलास आणि मीही फोनवर हसले. ते आता मनातून जात नाही. या आठवड्यातच मिरजेला जाऊन मेंदूच्या डॉक्टरांना दाखव. पुन्हा तसं झालं तर लगेच १०८, बरं वाटलं तरीसुद्धा.

आज सकाळी ह्यांनी डाव्या हाताची दोन बोटं हलवून दाखवली. आईला आधी हे सांग, बाकीचं तिच्याजवळ बसून.

तुझी,
धाकटी